अनामिका, हिरकणी आणि कर्ज फेडणारा टोमॅटो

टोमॅटोच्या एका वाणाचं नाव 'मॉर्गेज लिफ्टर' आहे, म्हणजे घराचं गहाण सोडवणारा. नाव थट्टेचं वाटलं तरी त्यामागे रोख हिशोब आहे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात लोगन इथे एम. सी. बाइल्स नावाचा मेकॅनिक होता. चढणीवर तापलेल्या ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त करायचा, म्हणून 'रेडिएटर चार्ली'. त्याने 'जर्मन जॉन्सन' या मोठ्या फळाच्या टोमॅटोचं एक रोप मधोमध लावलं आणि भोवती इतर टोमॅटोंची दहा रोपं. बाळांच्या कानासाठी वापरतात त्या रबरी पिचकारीने तो बाहेरच्या रोपांचे पराग मधल्या फुलांवर उडवायचा. दरवर्षी त्यातली सरस रोपं निवडून पुन्हा तोच खटाटोप. वाण हाती आल्यावर १९४०च्या दशकात त्याने एकेक रोप एका डॉलरला विकलं आणि सहा वर्षांत ६,००० डॉलरचं कर्ज फेडलं.

पिचकारीने नेमकं किती काम केलं असेल, ही शंका मात्र रास्त आहे. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर एकमेकांना चिकटून पिवळी नळी होते आणि स्त्रीकेसर तिच्या आत दडलेला असतो. त्यामुळे बहुतेक फुलांचं परागीभवन स्वतःच्याच परागांनी उरकतं. खात्रीने संकर करायचा तर फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी, पाकळ्या फिकट पिवळ्या असतानाच, बारीक चिमट्याने ती नळी उपटून काढावी लागते आणि मग उघड्या टोकावर दुसऱ्या वाणाचे पराग लावावे लागतात. एक दिवस उशीर झाला की फूल स्वतःच फळलेलं असतं. मोठ्या फळांच्या जुन्या वाणांत जोडफुलं येतात, स्त्रीकेसराचं टोक नळीबाहेर डोकावतं. बाइल्सला यश आलं ते बहुधा अशाच फुलांत. बाकी श्रेय पिचकारीपेक्षा वर्षानुवर्षांच्या निवडीला द्यायला हवं. त्याच राज्यात एस्टलर नावाच्या कुटुंबाचाही एक 'मॉर्गेज लिफ्टर' आहे, आणि तो वेगळा टोमॅटो आहे. म्हणजे पाकिटावर नाव तेच आणि आत भलतंच, हे होऊ शकतं.

काही नावं मात्र माहितीपत्रकाइतकी नेमकी असतात. 'लेझी हाउसवाइफ' हा जर्मनीतून अमेरिकेत गेलेला वेलीचा घेवडा. आजच्या काळात असं नाव ठेवणाऱ्याची धडगत नव्हती, पण मुद्दा लगेच कळतो. घेवडा निवडताना शेंगेचं टोक मोडून ओढलं की कडेने शीर निघते. ती म्हणजे शेंगेच्या सांध्यावर टणक झालेले तंतू. या वाणात ते तसे होत नाहीत, त्यामुळे शिरा काढायचं कामच वाचतं.

रंगांच्या नावांवर इतका भरवसा ठेवू नये. 'चेरोकी पर्पल' हे नाव क्रेग लेहूलियर यांनी १९९० साली टेनेसीहून आलेल्या बियाण्याला दिलं. हा टोमॅटो जांभळा दिसतो खरा, पण जांभळं रंगद्रव्य त्यात नसतं. एरवी फळ पिकताना हिरवं हरितद्रव्य मोडतं आणि लाल लायकोपीन साठतं. इथे हरितद्रव्य मोडणारं जनुक बिघडलेलं असल्याने लालाखाली हिरवा तसाच राहतो आणि दोन्ही मिळून मातकट, काळपट रंग होतो. खरं जांभळं रंगद्रव्य, अँथोसायनिन, हवं असेल तर ऑरेगन स्टेट विद्यापीठाचा 'इंडिगो रोझ' पाहावा. ते सालीत, ऊन पडतं तिथेच तयार होतं. देठाकडच्या हिरव्या पाकळ्या उचलून पाहिल्या की त्यांच्या सावलीत न रंगलेली चांदणी दिसते. 'ग्रीन झेब्रा' या टॉम वॅग्नर यांच्या १९८३च्या वाणाची अडचण उलटी आहे: पिकल्यावरही हिरवाच. पट्ट्यांमधला फिकट भाग पिवळसर झाला आणि फळ बोटाखाली किंचित दबलं, की तोडायचं.

नावं ठेवायलाही नियम आहेत. लागवडीच्या वनस्पतींसाठीच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नावात ३०पेक्षा जास्त अक्षरं चालत नाहीत. 'ड्रंकन वुमन फ्रिझी हेडेड' हा लेट्यूस, म्हणजे झिंजारलेल्या केसांची झिंगलेली बाई, रोमन लिपीत २४ अक्षरांत बसतो. आपल्याकडे २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात कलम १५ आहे. नुसत्या आकड्यांचं नाव, गुणांबद्दल दिशाभूल करणारं नाव, धार्मिक भावना दुखावणारं नाव नोंदवता येत नाही. गावाचं नावही नाही, पण प्रामाणिक वापर असेल तर निबंधक सूट देऊ शकतात.

भारतीय वाणांत गंमत आडनावांची, म्हणजे वाण काढणारी संस्था नावाआधी जो आपला शब्द लावते त्याची. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले', दापोलीचं 'कोकण', वाराणसीचं 'काशी', राजगुरुनगरच्या कांद्याचं 'भीमा', बेंगळुरूचं 'अर्का'. 'पुसा' हे बिहारमधलं गाव. १९३४च्या भूकंपात तिथल्या शेती संशोधन संस्थेची इमारत पडली, संस्था दिल्लीला हलली, पण गावाचं नाव सोबत घेऊन गेली. राहुरीच्या कारल्याला 'हिरकणी' म्हणतात. कडा उतरून गेलेल्या बाईचं नाव मांडवावर चढणाऱ्या वेलाला कसं मिळालं, कोण जाणे.

भेंडीची नावं मात्र ओळीने वाचण्यासारखी आहेत. 'पुसा मखमली'ची शेंग गुळगुळीत, पण पांढरी माशी जो पिवळ्या शिरांचा विषाणू आणते, त्याला ती लगेच बळी पडायची. शेतकरी या रोगाला हळद्या म्हणतात: आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पूर्ण पान, शेवटी शेंगाही फिकट आणि राठ. मखमलीचा संकर करून पावसाळ्यात टिकणारी 'पुसा सावनी' आली. काही वर्षांत तीही बळी पडू लागली. मग परभणीला जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी सावनीचा रानभेंडीशी संकर केला आणि त्या संकराचा पुन्हा पुन्हा सावनीशी संकर करत १९८०च्या दशकात 'परभणी क्रांती' काढली. बेंगळुरूने दुसऱ्या रानभेंडीपासून 'अर्का अनामिका' आणि तिची बहीण 'अर्का अभय' काढल्या. नाव ठेवायचं म्हणून 'अनामिका' ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. पण विषाणू बदलत राहतो. क्रांती आणि अनामिका, दोन्हींची प्रतिकारशक्ती अनेक भागांत आता उणावली आहे. जुन्या नावावर भिस्त ठेवून पांढऱ्या माशीकडे दुर्लक्ष केलं तर पीक जातं.

परसातलं बी पुढच्या वर्षी त्याच नावाने लावायचं असेल तर भेंडीत जास्त जपावं लागतं, कारण तिचं फूल स्वतः फळतं तसं मधमाश्यांकडूनही परके पराग घेतं. फूल सकाळी उमलतं, एकच दिवस टिकतं. आदल्या संध्याकाळी फुगलेल्या कळीचं टोक दोऱ्याने हलकेच बांधावं किंवा वर कागदी पिशवी घालावी. फूल कोमेजलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा, नाहीतर ती शेंग भाजीत जाते. एका झाडावर दोन-तीन शेंगा ठेवल्या तरी पुरतं. महिनाभराने शेंग तपकिरी होऊन कडांना उकलू लागली की काढावी. टोमॅटोचं बी गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवावं, म्हणजे बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. जास्त दिवस ठेवलं तर बी वाटीतच रुजतं. धुऊन ते सावलीत बशीवर वाळवावं. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं.

पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असेल तर हा खटाटोप करू नये. त्या बियांपासून पुढच्या पिढीत आईबापांचे गुण वाटेल तसे विभागून येतात. एक रोप उंच, दुसरं खुजं, फळं तीन तऱ्हांची, आणि त्यातल्या एकालाही पाकिटावरचं नाव लावता येत नाही.