ॲरन पर्स्की : सँटा क्लाराचे न्यायाधीश आणि त्यांचे रिकॉल

ॲरन पर्स्की हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सँटा क्लारा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) २००३ ते २०१८ या काळात सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश होते. ५ जून २०१८ रोजी तिथल्या मतदारांनी त्यांना मुदत संपण्याआधीच घरी पाठवले. मतदारांनी न्यायाधीशाला असे परत बोलावण्याची, म्हणजे रिकॉलची, घटना कॅलिफोर्नियात १९३२ नंतर आणि साऱ्या अमेरिकेत १९७७ नंतर प्रथमच घडली. निमित्त झाले ते एका लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात त्यांनी दिलेल्या सहा महिन्यांच्या शिक्षेचे.

सुपीरियर कोर्ट या नावावरून ते वरिष्ठ न्यायालय असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती न्यायव्यवस्थेची सर्वांत खालची पायरी आहे. कॅलिफोर्नियातील ५८ काउंट्यांत प्रत्येकी एक सुपीरियर कोर्ट आहे. खून, घटस्फोट, घरभाड्याचा तंटा, वाहतुकीचा दंड असे सगळे खटले पहिल्यांदा इथेच उभे राहतात. इथल्या न्यायाधीशाची मुदत सहा वर्षांची. कायद्याने हे पद निवडणुकीचे, तेही पक्षचिन्हाविना. पण मुदत पुरी होण्याआधी जागा रिकामी झाली तर ती राज्याचा गव्हर्नर भरतो, आणि बहुतेक न्यायाधीश याच वाटेने येतात. पुढे मुदत संपली की निवडणूक येते खरी, परंतु विद्यमान न्यायाधीशाविरुद्ध सहसा कोणी उभे राहत नाही. अर्ज भरायचा तो वकिलांनीच, आणि हरलेल्या वकिलाला दुसऱ्या दिवशी त्याच न्यायाधीशापुढे उभे राहावे लागते. विरोधात कोणी नसेल तर न्यायाधीशाचे नाव मतपत्रिकेवर छापलेही जात नाही. तो निवडून आला असे धरले जाते. आपल्याकडे ग्रामपंचायत बिनविरोध झाली तर निदान गुलाल उधळतात. इथे मतदाराला पत्ताही लागत नाही. महाराष्ट्रातील वाचकाला ही पद्धत मुळातच परकी वाटेल, कारण आपला दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो आणि पुढे उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली असतो. मतदाराचा त्याच्याशी संबंध येत नाही.

पर्स्की यांचा प्रवास या चाकोरीतलाच. शिक्षण स्टॅनफर्ड विद्यापीठात, कायद्याची पदवी बर्कलीची. काही वर्षे एका मोठ्या कायदा कंपनीत दिवाणी दावे लढवल्यावर ते १९९७ मध्ये काउंटीच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात दाखल झाले. तिथे त्यांच्याकडे लैंगिक गुन्ह्यांचे खटलेही होते, हे पुढच्या घटनांच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००२ मध्ये ते न्यायाधीशपदाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्यांना नेमले. मतदारांनी नाकारलेला उमेदवार वर्षभरात गव्हर्नरच्या सहीने त्याच कोर्टात बसला. यात बेकायदेशीर काही नव्हते आणि त्या वेळी कोणाला खटकल्याचेही दिसत नाही.

त्यानंतरची तेरा वर्षे काउंटीबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते. जानेवारी २०१५ मधल्या एका रात्री स्टॅनफर्डच्या आवारात, एका पार्टीनंतर, कचऱ्याच्या मोठ्या पेटीमागे बेशुद्ध पडलेल्या तरुणीवर ब्रॉक टर्नर हा विद्यापीठाचा जलतरणपटू अत्याचार करत होता. सायकलवरून चाललेल्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी ते पाहिले, पळणाऱ्या टर्नरचा पाठलाग केला आणि पोलीस येईपर्यंत त्याला जमिनीवर दाबून धरले. मार्च २०१६ मध्ये ज्यूरीने तीन गंभीर गुन्ह्यांत त्याला दोषी ठरवले. कमाल शिक्षा १४ वर्षांची होती. सरकारी वकिलांनी सहा वर्षे मागितली, तर प्रोबेशन (दोषीला तुरुंगाबाहेर अटींवर देखरेखीखाली ठेवणे) पाहणाऱ्या विभागाने काउंटीच्या तुरुंगातील मध्यम मुदतीची शिफारस केली. २ जून २०१६ रोजी पर्स्की यांनी सहा महिन्यांचा तुरुंगवास आणि तीन वर्षांचे प्रोबेशन दिले. मोठ्या तुरुंगवासाचा टर्नरवर गंभीर परिणाम होईल, असे कारण त्यांनी सांगितले. टर्नर प्रत्यक्षात तीन महिन्यांत सुटला.

इथे कायद्याचा एक बारकावा पाहावा लागतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. अशा गुन्ह्यात प्रोबेशन देऊ नये असा कायद्याचा सर्वसाधारण कल होता, पण प्रकरण असाधारण असेल तर न्यायाधीशाला मोकळीक होती. पर्स्की यांनी ती मोकळीक वापरली. म्हणजे शिक्षा सौम्य होती, तरी बेकायदा नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायाधीशांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या राज्य आयोगाने त्यांच्यावर पक्षपात वा गैरवर्तनाचा ठपका ठेवण्यास नकार दिला.

लोकांना मात्र या बारकाव्याने समाधान झाले नाही. शिक्षेच्या सुनावणीत पीडितेने वाचलेले सुमारे सात हजार शब्दांचे निवेदन दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर प्रसिद्ध झाले आणि काही दिवसांत लाखो लोकांनी वाचले. योगायोग असा की ७ जून २०१६ रोजी, शिक्षा सुनावल्यानंतर पाचच दिवसांनी, कॅलिफोर्नियात मतदान होते आणि पर्स्की यांची मुदतही त्याच वर्षी संपत होती. पण त्यांच्याविरुद्ध अर्ज भरण्याची तारीख मार्चमध्येच उलटून गेली होती. राज्यात संताप उसळलेला असताना ते आणखी सहा वर्षांसाठी बिनविरोध निवडून आले, आणि मतपत्रिकेवर त्यांचे नाव शोधणाऱ्यांना ते सापडलेच नाही. मग उरला एकच मार्ग.

हा मार्ग, म्हणजे रिकॉल, कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत १० ऑक्टोबर १९११ च्या मतदानाने आला. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने विधिमंडळाप्रमाणे कोर्टेही खिशात घातली आहेत, असा गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या सुधारकांचा आरोप होता, म्हणून त्यांनी न्यायाधीशांनाही रिकॉलच्या कक्षेत आणले. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना ही कल्पना इतकी धोकादायक वाटली की न्यायाधीशांच्या रिकॉलची तरतूद असलेल्या संविधानासह ॲरिझोनाला राज्याचा दर्जा देणारा ठराव त्यांनी त्याच वर्षी व्हेटो केला. ॲरिझोनाने तरतूद काढली, १९१२ च्या फेब्रुवारीत राज्य झाले आणि त्याच वर्षी ती पुन्हा घातली.

कॅलिफोर्नियात १९११ च्या त्याच दिवशी महिलांनाही मताधिकार मिळाला. दोन्ही हक्क एकत्र वापरायला त्यांनी फार वेळ घेतला नाही. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस कोर्टातील चार्ल्स वेलर या न्यायाधीशाने बलात्काराच्या आरोपीच्या जामिनाची रक्कम कमी केली, आरोपी फरार झाला, आणि महिला मंडळांनी सह्या गोळा करून वेलर यांना पदावरून काढले. १९७७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात आर्ची सिमन्सन या न्यायाधीशाने बलात्काराच्या खटल्यात बायकांच्या कपड्यांवर शेरे मारले; रिकॉलमध्ये ते गेले आणि त्यांच्या जागी एक महिला न्यायाधीश आली. १९३२ मधील लॉस एंजलिसच्या तीन न्यायाधीशांचे प्रकरण वेगळे, तिथे आर्थिक भानगड होती. एरवी पर्स्की प्रकरणाची वंशावळ या दोन खटल्यांतूनच लागते, आणि म्हणून त्याला केवळ समाजमाध्यमांच्या काळातला उद्रेक म्हणणे अपुरे आहे.

स्टॅनफर्डमधील कायद्याच्या प्राध्यापिका मिशेल डॉबर यांनी मोहिमेचे नेतृत्व केले. पीडितेच्या कुटुंबाशी त्यांची ओळख होती. रिकॉलसाठी गैरवर्तन सिद्ध करावे लागत नाही, ठरावीक मुदतीत पुरेशा सह्या गोळा कराव्या लागतात. इथे ५८,६३४ वैध सह्या हव्या होत्या. जानेवारी २०१८ मध्ये सुमारे ९५ हजार सादर झाल्या. पर्स्की यांनी मध्ये कोर्टाची वाट धरली. सुपीरियर कोर्टाचा न्यायाधीश हा राज्याचा अधिकारी आहे, तेव्हा अर्ज काउंटीच्या निवडणूक कार्यालयात नव्हे तर राज्याच्या सचिवांकडे जायला हवा होता, असा त्यांचा मुद्दा होता. तो टिकला नाही, आणि पुढे विरुद्ध बाजूच्या वकिलांची सुमारे १ लाख ६१ हजार डॉलर फी त्यांच्याच अंगावर आली. टर्नरचे अपील प्रलंबित असल्याने खटल्याबद्दल बोलण्याची मुभाही त्यांना नव्हती. प्रचारात एका बाजूचा उमेदवार तोंड बांधून उभा, असे हे विचित्र चित्र होते.

रिकॉलच्या विरोधकांची यादी मात्र वजनदार होती. काउंटीचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील, जेफ रोझन यांना ही शिक्षा अजिबात मान्य नव्हती, पण रिकॉलही मान्य नव्हते. निवृत्त न्यायाधीश लाडोरिस कॉर्डेल उघडपणे पर्स्की यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या सरकारी बचाव वकिलांना वेगळीच भीती होती : एक न्यायाधीश सौम्यपणामुळे गेला की बाकीचे कडक होतील, आणि तो कडकपणा स्टॅनफर्डच्या खेळाडूंऐवजी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आरोपींच्या वाट्याला येईल. ही भीती पोकळ नव्हती. मोहीम जाहीर झाल्यानंतर कॅलिफोर्नियातील काही काउंट्यांत शिक्षा लांबल्याचे पुढे राज्यशास्त्राच्या अभ्यासात दिसून आले.

मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते. ॲरन पर्स्की यांना पदावरून दूर करावे का, हो किंवा नाही; आणि हो झाल्यास त्यांच्या जागी कोण. सनीव्हेल, क्युपर्टिनो आणि सॅन होजे ही शहरे याच काउंटीतली, त्यामुळे अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या अनेक मराठी घरांतही ही मतपत्रिका पोचली. ६१ टक्क्यांहून अधिक मते रिकॉलच्या बाजूने पडली. जागेवर सिंडी हेंड्रिक्सन निवडून आल्या. त्या जेफ रोझन यांच्याच कार्यालयातील सरकारी वकील.

पद जाण्याच्या खूप आधी पर्स्की यांनी स्वतःहून फौजदारी कामातून दिवाणी कामात बदली मागून घेतली होती. ज्या मोकळिकीवरून सारा वाद झाला, तीही तोवर संपली होती. ३० सप्टेंबर २०१६ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी दोन कायद्यांवर सही केली. एकाने बेशुद्ध वा नशेतील व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला प्रोबेशनची वाट बंद केली, तर दुसऱ्याने बलात्काराच्या संज्ञेची कक्षा वाढवली. टर्नरवरील गुन्हे तोवरच्या कायद्यात बलात्कार या शब्दात बसत नव्हते, ही गोष्ट अनेकांना त्या खटल्यामुळेच कळली. टर्नरचे अपील ऑगस्ट २०१८ मध्ये फेटाळले गेले.

सप्टेंबर २०१९ च्या सुरुवातीला, तोवर कागदोपत्री टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या पीडितेने शॅनेल मिलर हे आपले नाव जाहीर केले. त्याच सुमारास सॅन होजेच्या लिनब्रुक हायस्कूलमधील पालकांच्या लक्षात आले की मुलींच्या कनिष्ठ टेनिस संघाचे नवे प्रशिक्षक ॲरन पर्स्की आहेत. ११ सप्टेंबरपर्यंत तीही नोकरी गेली होती.