फ्लॅश आणि स्लो शटर : ही जोडी नवीन नाही

गणपतीत ढोलपथक किंवा नवरात्रात गरबा शूट करणारी पोरं हल्ली हमखास एक गोष्ट करतात, फ्लॅश लावतात पण शटर मात्र १/१५ नाहीतर १/८ सेकंदावर, म्हणजे बराच वेळ उघडं ठेवतात, मग वाजवणाऱ्याचा चेहरा शार्प येतो आणि टिपरू, हात, मागचे लाइट यांच्या रेघा पसरतात. बऱ्याच जणांना हा अलीकडचा इफेक्ट वाटतो. पण फ्लॅशची सुरुवातच स्लो शटरबरोबर झालीये, मधल्या काही दशकांत ती जोडी तुटली आणि ती का तुटली हे समजून घेतलं की कॅमेऱ्यातली अर्धी सेटिंग्ज आपोआप कळायला लागतात.

१८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड आणि पोटॅशियम क्लोरेट वगैरे मिसळून फ्लॅश पावडर तयार केली. ती पेटली की भडका आणि धुराचा लोट. न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांचे फोटो काढणारा जेकब रीस हीच पद्धत घेऊन अंधाऱ्या खोल्यांमध्ये शिरला, आणि त्यात चुकून घरांना आग लागल्याचं त्यानेच लिहून ठेवलंय. आता त्या काळात शटर आणि भडका यांना जोडणारी तारच नव्हती. कॅमेरा स्टँडवर लावायचा, लेन्स उघडायची, पावडर पेटवायची, लेन्स बंद करायची. म्हणजे लेन्स उघडी राहायची सेकंदभर किंवा जास्त, आणि फ्लॅश त्यातला एक छोटासा क्षण. याला ओपन फ्लॅश म्हणतात. फिल्मच्या जागी असलेल्या काचेच्या प्लेटा फार स्लो होत्या, म्हणजे त्यांना खूप उजेड लागायचा, म्हणून खोलीतल्या उजेडाचं फारसं काही उमटत नसे, नाहीतर तंत्र तेच, जे आज आपण करतो. १९३० च्या आसपास पॅरिसच्या रात्री टिपणारा ब्रासाईसुद्धा मॅग्नेशियम पेटवूनच काम करायचा, आणि त्या भडक्यांमुळे पिकासोने त्याला टेररिस्ट असं नाव ठेवलं होतं.

मग १९२९-३० मध्ये फ्लॅश बल्ब आले. धूर गेला, आगीची भीती गेली, आणि बल्ब विजेवर पेटतो म्हटल्यावर तो शटरला जोडता येऊ लागला. हेच सिंक. बल्बला पूर्ण पेटायला साधारण २० मिलिसेकंद लागतात म्हणून शटर तेवढं थांबून उघडायचं, जुन्या कॅमेऱ्यांवर एम लिहिलेलं सॉकेट दिसतं ते त्यासाठी, आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लगेच पेटतो म्हणून त्याचं एक्स वेगळं.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचं श्रेय मुख्यतः एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनला जातं, १९३१ पासून तो स्ट्रोबवर, म्हणजे झटपट पुन्हापुन्हा उडणाऱ्या फ्लॅशवर, काम करत होता. त्याच्याबरोबर काम केलेला ग्यॉन मिली, मूळचा अल्बेनियाचा आणि शिक्षणाने इंजिनियर, याने या तंत्राचा सगळ्यात सुंदर उपयोग केला असं मला वाटतं. १९४९ मध्ये तो 'लाइफ' या अमेरिकन नियतकालिकासाठी दक्षिण फ्रान्सला वालोरिसमध्ये पिकासोकडे गेला. खोलीत अंधार, शटर उघडं, पिकासो हातात छोटा दिवा घेऊन हवेत चित्र काढतोय, त्या दिव्याची रेघ फिल्मवर सलग उमटते आणि एका क्षणी फ्लॅश उडतो तेव्हा पिकासो स्वतः लख्ख दिसतो. एकाच निगेटिव्हवर दोन वेगळे वेळ. अख्खी थिअरी या फोटोत आहे : फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून लवकर संपतो त्यामुळे शटर कितीही वेळ उघडं असो त्याला फरक पडत नाही, तो किती उमटेल हे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक) आणि अंतर ठरवतं, आणि बाकीचा उजेड शटर कितीवेळ उघडंय त्यावर साठत जातो. दोन नळ वेगवेगळे आहेत, एक फिरवला की दुसरा हलत नाही, फक्त अ‍ॅपर्चर आणि आयएसओ (फिल्मची किंवा सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) दोघांनाही लागू होतात एवढं लक्षात ठेवायचं.

दोन उजेड जमवणं किती अवघड होतं याचं उदाहरण म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर ओ. विन्स्टन लिंक. १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात त्याने ड्राइव्ह-इन थिएटरच्या मागून जाणारी वाफेची गाडी चाळीसहून जास्त बल्ब एकदम उडवून टिपली, पण त्या उजेडात पडद्यावरचं चित्र धुऊन निघालं, मग ते दुसऱ्या निगेटिव्हवरून प्रिंटमध्ये घालावं लागलं.

आता जोडी तुटली कशी ते. ३५ एमएम कॅमेऱ्यात फिल्मसमोर दोन पडदे असतात, पहिला सरकून फिल्म उघडतो, दुसरा मागून येऊन झाकतो. वेग जास्त असला की पहिला पूर्ण जायच्या आत दुसरा निघतो, म्हणजे फक्त एक फट फिल्मवरून सरकते, आणि त्या वेळी फ्लॅश उडाला तर तेवढीच पट्टी उजळते. पूर्ण फ्रेम उघडी मिळणारा सगळ्यात जलद वेग म्हणजे सिंक स्पीड. लायका एम३ वर तो १/५० होता, निकॉन एफ वर १/६०, पुढे १९८२ च्या एफएम२ वर १/२००. ही वरची मर्यादा आहे, खालची नाही, त्याहून हळू कुठलाही वेग चालतो! पण घरोघरी अर्थ असा घेतला गेला की फ्लॅश लावला म्हणजे १/६०. आणि १९७६ च्या कॅनन एई-१ ने तर त्याच्या स्पीडलाइट १५५ए बरोबर शटर स्वतःच १/६० वर नेऊन ठेवलं. सोय म्हणून उत्तमच, फोटो हलत नसे, पण साध्या फिल्मवर १/६० ला हॉलमधला उजेड उमटायचाच नाही. आपल्याकडच्या त्या काळातल्या लग्नाच्या अल्बममध्ये माणसं पांढरीफटक आणि मागे काळोख दिसतो, मांडव, माळा काहीच नाही, त्याचं मोठं कारण हेच आहे. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण शटर दोन-तीन घरं खाली आणलं असतं तरी मागचं बरंच काही आलं असतं.

परत वळण आलं ते १९८० च्या दशकात. ऑलिंपस ओएम-२ ने १९७५ मध्येच फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याच्या आत मोजायला सुरुवात केली होती. मग १९८६ च्या कॅनन टी९० ने ३००टीएल फ्लॅशबरोबर, आणि १९८८ मध्ये निकॉन एफ-८०१ ने एसबी-२४ बरोबर, दुसरा पडदा निघायच्या अगदी आधी फ्लॅश उडवायची सोय दिली, हाच रिअर सिंक. गरज काय? तर फ्लॅश सुरुवातीलाच उडाला की धावती गाडी तिथे गोठते आणि नंतर पुढे जाताना दिव्यांच्या रेघा गाडीच्या पुढे उमटतात, गाडी रिव्हर्समध्ये चालल्यासारखी. शेवटी उडाला की रेघा मागे राहतात. मात्र रिअर सिंक सगळीकडे वापरायची गरज नाही, नाचणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर मी पहिल्या पडद्यालाच पसंती देईन, कारण शटर दाबल्याक्षणी जो भाव दिसला तोच मिळतो, अर्ध्या सेकंदानंतरचा नाही. शिवाय हल्लीचे ऑटो फ्लॅश उजेड मोजण्यासाठी आधी एक बारीक फ्लॅश मारतात, ग्रुप फोटोत लोकांना वाटतं झालं, आणि रिअर सिंकमधला खरा फ्लॅश उडेपर्यंत मान वळलेली असते.

डिजिटलमुळे हौशी माणसाला स्क्रीनवर लगेच दिसायला लागलं की १/८ ठेवल्यावर काय होतं, त्यामुळे हे शिकणं स्वस्त झालं. मोबाइलवर मात्र अडचण आहे. तिथला एलईडी फ्लॅश क्षणभराचा नसतो, तो टॉर्चसारखा पेटून राहतो, म्हणून हालचाल गोठत नाही. सोनी एरिक्सन के८००आय आणि नोकिया एन८२ या फोनमध्ये खरा, कॅमेऱ्यासारखा क्षणभर उडणारा झेनॉन फ्लॅश होता, पुढे तो जवळपास गायबच झाला. जुने कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरे पुन्हा शोधून घेतले जातायत ते अशा लुकसाठीही, त्यांच्यातल्या बऱ्याच मॉडेल्सवर माणूस आणि चांदणी असं चिन्ह असतं, ते निवडलं की कॅमेरा फ्लॅश उडवतो आणि शटर मागच्या उजेडासाठी उघडं ठेवतो.