चोवीस तासांची मावशी घरी ठेवताना

घरच्या रुग्णाची देखभाल करायला आम्ही मावशी पाठवतो. त्यांची चोवीस तासांची ड्युटी म्हणजे चोवीस तास घरात राहायचं, चोवीस तास राबायचं नव्हे. काम सोडताना बऱ्याच जणी ‘गावी जायचंय’ एवढंच सांगतात. नीट विचारलं की कळतं, झोपच होत नव्हती.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. म्हणजे रात्री दहाला पाठ टेकली तर बारा, दोन, चार, सहा. मध्ये लघवी, खोकला, पाणी असतंच. अशा घरी एकीवर दिवसरात्र भागत नाही. बारा तासांच्या दोघी ठेवा, नाहीतर रात्रीच्या निम्म्या वेळा घरच्यांनी वाटून घ्या. रुग्ण रात्री एक-दोनदाच उठत असेल तर एक मावशी पुरतात, पण दुपारी सलग दोन तास त्यांना मोकळे हवेत आणि तेवढा वेळ रुग्णापाशी घरचं माणूस हवं. बेल वाजली, कुरिअर आलं, तरी त्यांना उठवू नका.

झोपायला गादी आणि पंखा द्या. जेवण घरातलं तेच. कपबशी वेगळी ठेवायला लावणाऱ्या घरी आम्ही माणूस देत नाही.

झोपेसारखीच मावशींची पाठही जपायला हवी. ७० किलोचं माणूस एकटीने काखेत हात घालून ओढायचं नसतं. त्यात मावशींची कंबर धरते आणि रुग्णाचा खांदा दुखावतो. रुग्णाच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत पुरेल अशी जाड चादर दुमडून आडवी घाला. रुग्णाला उशीकडे वर घेताना दोघांनी दोन बाजूंच्या कडा गुंडाळून घट्ट धरायच्या आणि एकाच वेळी सरकवायचं. दुसरं माणूस घरचंच लागतं, तेव्हा सकाळ-संध्याकाळची वेळ ठरवून ठेवा. नंतर चादर ताणून घ्या, चुणी राहिली तर तीही टोचून जखम करते. व्हीलचेअरवर बसवण्याआधी दोन्ही ब्रेक लावलेले आहेत ना, बघा.

मावशींचं काम रुग्णापुरतं: अंघोळ, डायपर, भरवणं, ठरलेल्या वेळी गोळ्या देणं, रुग्णाचे कपडे. घरची धुणीभांडी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक त्यात नाही. इंजेक्शन देणं, लघवीची नळी बदलणं ही नर्सची कामं. मावशी ‘जमेल’ म्हणाल्या तरी करू देऊ नका. हातमोजे तुम्ही आणायचे.

भांडणं पगाराच्या आकड्यावरून कमी, भागाकारावरून जास्त होतात. समजा पगार १८,००० आणि आठवड्याला एक पगारी सुट्टी. ३० ने भागलं तर दिवसाचे ६०० होतात, सुट्ट्या वगळून २६ ने भागलं तर ६९२. खाडा कापताना २६ आणि जादा दिवसाचे देताना ३०, हा सरळ अन्याय आहे. आमच्या मते दोन्हीकडे २६ धरा. सुट्टीच्या दिवशी थांबवून घेतलं तर त्या दिवसाचे पैसे वेगळे द्या. उचल दिलीत तर रक्कम, तारीख आणि महिन्याचा हप्ता दोघांच्याही वहीत लिहा. हप्ता कापूनही घरी पाठवण्याइतका पगार हातात पडला पाहिजे. पगार त्यांच्याच खात्यात भरा, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नको.

आधारची झेरॉक्स ठेवा, मूळ कार्ड ठेवून घेऊ नका. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या कामगाराची तिथे नोंद होते. त्यासाठी तुमच्याकडे काम करत असल्याचं पत्र मागितलं तर लगेच लिहून द्या. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही काढून द्या, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण आहे आणि मावशींना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा अंगाला हात लावतात अशी तक्रार आली तर ‘त्यांना कळत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. अंघोळीला आणि कपडे बदलताना घरातल्या पुरुषाने सोबत राहावं, आणि त्याच दिवशी आम्हाला कळवावं, म्हणजे पुरुष अटेंडंट पाठवायचा का ते ठरवता येईल.