बाळंतिणीचं रडू वेगळं, नैराश्य वेगळं

"थे तं रडनच ना वं, वली बायंतीन हाय." हे वाक्य आमच्याकडे घराघरांत ऐकू येतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं, कारण ते अर्धं खरं आहे. पहिल्या आठवड्यात ते सोळा आणे खरं असतं. दुसऱ्या महिन्यात तेच वाक्य एखादीच्या जिवावर उठतं, आणि म्हणणारी मावशी दोन्ही वेळा ते त्याच ठसक्यात म्हणते. हल्ली याच्या उलट टोकाचेही भेटतात: मोबाइलवर दोन रील पाहून, तिसऱ्या दिवशी डोळे पुसणाऱ्या बायकोला "डिप्रेशन आलं" म्हणून मोकळे होणारे नवरे. दोघांची चूक एकच आहे. दोघंही आसवांवरून अंदाज बांधतात.

ओल्या बाळंतिणीचं रडू तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून ते थोडक्यात. डॉक्टर त्याला ‘बेबी ब्लूज’ म्हणतात. ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे दूध उतरायच्या सुमाराला सुरू होतं, पाचव्या दिवसाच्या आसपास जोरात असतं आणि दहा ते चौदा दिवसांत आपोआप ओसरतं. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना ते होतं. वार पडल्यावर अंगातले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपाट्याने खाली येतात, त्यात झोपेचं खोबरं झालेलं, टाके दुखतायत, छाती भरून आलीय. रडू नाही आलं तरच नवल. याला औषध लागत नाही. रात्री एखादा तास बाळ दुसऱ्या कोणी धरावं, वेळेवर गरम जेवण मिळावं आणि "काहून रडतं?" असं दरडावून कोणी विचारू नये, एवढं पुरे.

नैराश्य हा आजार आहे. तो बाळ झाल्यानंतर वर्षभरात केव्हाही सुरू होऊ शकतो आणि आपला आपण ओसरेल असा भरवसा नसतो. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१७ साली छापून आला. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक. आपल्या गावात अशी एकही नाही असं कोणी सांगितलं, तर तिथे कोणी विचारलेलंच नाही असं खुशाल समजावं.

आता ज्यात सगळे फसतात ते. रडणं जास्त म्हणजे आजार मोठा, रडणं कमी म्हणजे बाई ठीक, हा हिशेब उलटासुलटा आहे. ब्लूजवाली घळाघळा रडते. सकाळी दूध नीट येत नाही म्हणून रडली, तासाभराने बहीण आली की तिच्याशी खिदळते, संध्याकाळी पुन्हा डोळे भरतात. दिवसभरात मन वर-खाली होत राहतं, पण ते हलतं. नैराश्यात ते हलत नाही. बहीण येते, जाते. चेहऱ्यावर काही उमटत नाही. बाळाला वेळेवर पाजते, लंगोट बदलते, विचारलं तर "बरी आहे" म्हणते, आणि घरचे कौतुक करतात की पोरगी किती समजूतदार, एक टिपूस काढलं नाही. नैराश्यातल्या काही जणी रडतातही, सतत रडतात. पण न रडणारीच जास्त नजरेतून सुटते, कारण तिची तक्रार कोणालाच नसते.

मग ओळखायचं कशावरून? माझ्या मते सगळ्यांत कामाचा प्रश्न झोपेचा आहे, पण तो नीट विचारायला हवा. "झोप होते का?" असं विचारून काही कळत नाही, तान्ह्या बाळाच्या कोणत्या आईची झोप होते? विचारायचं असं: "लेकरू झोपल्यावर, घरात सारं शांत असतानी, तुले झोप लागते का?" ब्लूजवाली डोकं टेकताक्षणी घोरते. नैराश्यात बाळ शांत झोपलेलं असतं आणि ही आढ्याकडे बघत पडलेली असते, नाहीतर पहाटे तीनला जाग येते ती येतेच. दुसरा प्रश्न मन लागण्याचा. आधी जे आवडायचं, मालिका, मैत्रिणीचा फोन, तर्रीपोहे, काहीही, त्यातलं आता काही हवंसं वाटतं का? तिसरा बाळाबद्दलचा, आणि तो हळू आवाजात, सासू-आई समोर नसताना विचारायचा: बाळाकडे पाहून काय वाटतं? "काहीच नाही वाटत", "हे माझं वाटतच नाही", "मी याची माय व्हायच्या लायकीची नाही" असं काही आलं तर ते नखरे समजून हसण्यावारी नेऊ नका. या तिन्हींची उत्तरं दोन आठवड्यांहून जास्त काळ वाईटच येत असतील, तर दवाखाना.

चौथा प्रश्न विचारायला लोक घाबरतात: "आपण नसतो तं बरं झालं असतं, असं मनात येते का?" विचारल्याने बाईच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरतं, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. उलट कोणीतरी विचारलं याने तिला सुटल्यासारखं वाटतं. बाळंतिणीचं नैराश्य ओळखायला एडिनबराची जी दहा प्रश्नांची चाचणी १९८७ पासून जगभर वापरली जाते, तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचाच आहे. उत्तर "हो" आलं तर त्या बाईला एकटं ठेवायचं नाही. शेतात फवारणीचं औषध असणाऱ्या घरांत तर नाहीच; डबा कुलपात, आणि आजच.

दोन आठवडे म्हटलं की लगेच घरची मंडळी सव्वा महिना पुढे करतात. "सव्वा महिना झाला का आपोआप खुलते." माझा सगळ्यांत मोठा राग या वाक्यावर आहे. सव्वा महिन्याच्या विश्रांतीला माझा विरोध नाही. शेक, मालिश, डिंकाचे लाडू, शेपा, सगळं चालू द्या. पण ती मुदत अंग भरून येण्यासाठी आहे, मनाचं दुखणं तपासण्यासाठी नाही. शिवाय या सव्वा महिन्यात आजार बेमालूम लपतो. नैराश्यातल्या बाईला कोणात मिसळावंसं वाटत नाही, आणि बाळंतिणीने कोणात मिसळायचंच नसतं. तिला उठावंसं वाटत नाही, आणि तिने बाजेवरून उठायचंच नसतं. खोली अंधारी, कानाला रुमाल, येणारी-जाणारी बाई बाळ पाहून जाते. आजाराची लक्षणं आणि रीत इतकी जुळतात की ही दुखण्याने पडलीय की रिवाजाने, हे उंबऱ्यातून कळत नाही. म्हणून मोजायचे ते चौदा दिवस.

आणि मोजायला माणूसही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्याच धर्तीवर आज देशभरात आशाताई घरी येते. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. या तारखा आपल्या प्रश्नासाठी बेतल्यासारख्या बसतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवशीचं रडू मनावर घेऊ नका. चौदाव्या दिवशी तेच चित्र असेल तर कान टवकारा, एकविसाव्याला असेल तर तालुक्याची वाट धरा. अडचण अशी की काट्यावर बाळ ठेवलं, ताप पाहिला, वही भरली की भेट संपते. आशाताईंना मी दोष देत नाही. कामाच्या ओझ्याखाली त्या आधीच वाकल्या आहेत. पण झोपेचा तो एक प्रश्न विचारायला मिनिटभर लागतं.

त्यातही आमच्याकडची एक खास फट आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. आशा येते ती माहेरच्या गावची. दोन-तीन महिन्यांनी पोरगी सासरी परत जाते, कपाशीची वेचणी सुरू असेल तर त्याआधीही बोलावणं येतं, आणि सासरच्या आशाकडे तिच्या रडण्या-न-रडण्याची काही खबर नसते. सासू म्हणते, "माहेरी राहून आयतोबा झाली." आई म्हणते, "आमच्याकडं तर चांगली होती." तिसऱ्या महिन्यात सुरू झालेलं नैराश्य या दोन घरांच्या मध्ये पडून राहतं. पाठवणीच्या वेळी साडी-चोळीबरोबर "हिला रात्री झोप येत नाही, लक्ष ठेवा" एवढा निरोप दिला तर काही बिघडत नाही. तो नवऱ्याला द्या, सासूच्या भरवशावर राहू नका.

आता गरोदरपण. नैराश्य बाळ झाल्यावरच येतं हा दुसरा गोंधळ. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदान-पुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय की ‘बाळंतपणानंतरचं’ म्हणून ओळखलं जाणारं तीव्र नैराश्य निम्म्या वेळा बाळंतपणाआधीच सुरू झालेलं असतं. म्हणजे ज्या बाईला आपण दुसऱ्या महिन्यात ‘अचानक’ आजारी पडलेली पाहतो, ती कदाचित सातव्यातच कोमेजली होती आणि आपण डोहाळजेवणाच्या फोटोत तिला हसायला लावत होतो. हार्मोनवर सगळं ढकलणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. हार्मोनची घसरण तर प्रत्येकीचीच होते. आजार कोणाला धरतो? आधी कधी नैराश्य येऊन गेलं तिला, नवरा मारतो तिला, जिच्या पाठीशी कोणी नाही तिला, कर्जाने घर पिचलंय तिला. गोव्यातल्या, २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात तर मुलगी झाल्यावर मारहाण आणि उपासमार यांचा घाव आणखी खोल जातो असं दिसलं. पहिली मुलगी असताना दुसरीही मुलगी झालेल्या बाईला हे समजवायला अभ्यास लागत नाही.

गरोदरपणातला थकवा आणि नैराश्य वेगळं काढणं मात्र खरंच अवघड असतं, कारण आपल्याकडे रक्त कमी असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली बाई दमते, धाप लागते, पण आवडीचं माणूस आलं की उठून बसते. थायरॉइडही पाहून घ्यावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. हिमोग्लोबिन बघायला जाताय तर मनाचंही त्याच खेपेला बोला.

बोलताना बाई "मला उदास वाटतं" असं म्हणणार नाही, हे लक्षात ठेवा. ती म्हणेल डोकं जड आहे, हातपाय गळून गेले, जीव घाबरते, छातीत धडधडते. म्हणून घरचे तिला नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेतात आणि तो सलाईन लावतो. सलाईनने चार तास बरं वाटतं, कारण त्या चार तासांत तिला कोणी काम सांगत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा सलाईन. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली झोपेची गोळी तर त्याहून वाईट.

एक गोष्ट या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या दोन आठवड्यांतच एकाएकी काहीतरी भलतंच होतं: दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, असंबद्ध बडबड, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळात देव किंवा सैतान दिसणं. घरचे याला बाहेरचं लागलं म्हणतात आणि भगताकडे धावतात. इथे चौदा दिवस मोजायचे नाहीत, रात्र उजाडायची वाटही पाहायची नाही. १०८ बोलवा. बाळ आणि आई दोघांच्याही जिवाला धोका असतो, आणि वेळेत उपचार झाले तर बाई पूर्ण बरी होते.

बाकी नैराश्यासाठी कुठे जायचं? मन मोकळं करायचं असेल, किंवा जावं की नाही हेच कळत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तालुक्याच्या दवाखान्यात हा डॉक्टर रोज भेटेलच असं नाही, म्हणून वार विचारून निघा, नाहीतर एसटीचं भाडं आणि मजुरी दोन्ही बुडतात. हलक्या आजाराला समुपदेशन पुरतं. गोळ्या लागल्या तर "दूध तोडावं लागेल" हे शेजारणीचं ऐकू नका. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार कमी उतरतं आणि अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर ते देतात. आधीपासून गोळ्या चालू असताना दिवस गेले, तर त्या मनाने बंद करू नका. कोणती ठेवायची, कोणती बदलायची, हे डॉक्टर ठरवतील.

"वेड्यांच्या दवाखान्यात ठेवतील आणि लेकरू हिसकावून घेतील" या भीतीने कित्येक जणी तोंड उघडत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात याची सोय आहे: आईला भरती करावं लागलं तरी तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून तोडायचं नाही. आईकडून बाळाला धोका असेल तरच तात्पुरतं वेगळं ठेवतात, आणि तेव्हाही देखरेखीखाली तिला बाळाला भेटता येतं. हे तिला घरातून निघतानाच सांगा.