दोष कार्डात, बोल अपडेटला

"अपडेट मारलं आणि कार्ड गेलं बघा." बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचे मामा गेल्या पावसाळ्यापासून हे ऐकवताहेत. त्यांचा रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, मेमरी कार्डावर चालतो. मामांची तक्रार खोटी नाही, पण अशा प्रकरणांचं मूळ बरंच मागे असू शकतं.

कार्डात कायमची नोंद करायला वेळ लागतो. म्हणून आधी झटपट कच्च्या वहीत टिपायचं आणि सवडीने खतावणीत उतरवायचं, ही सोय म्हणजे कॅश. (खडेबाजारात कॅश म्हणजे गल्ला. तो वेगळा.) वळवाच्या पावसात लाईट गेली की कच्ची वही कोरी होते. ते टाळायला फाइल सिस्टिम (कार्डावरच्या फाइलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था) अधूनमधून 'आत्ताच्या आत्ता उतरव' असा हुकूम सोडते, तो फ्लश. फोनमध्ये सोल्डर केलेल्या ईएमएमसी या साठवणुकीच्या चिपला कॅशची सोय तिच्या मानकाच्या २०११ च्या ४.५ आवृत्तीत मिळाली. काढघाल करायच्या एसडी कार्डांना ती २०१७ च्या ६.० आवृत्तीत, ए२ वर्गाबरोबर आली. सेकंदाला ४००० वाचनं आणि २००० लेखनं हे ए२ चं वचन, आणि ते पाळायला कॅश लागते.

खरी गंमत पुढे आहे. एसडीची कॅश आपोआप चालू होत नाही, ड्रायव्हरने, म्हणजे कार्डाशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरने, ती चालू करावी लागते. रास्पबेरी पायवर चालणाऱ्या लिनक्सने हे करायला सुरुवात केली २०२१ च्या ५.१४ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतात). तोवर बाजारातल्या कार्डांच्या फ्लशमध्ये खोट असली तरी लिनक्सवाल्यांना कळायचं कारणच नव्हतं. हुकूमच सुटत नव्हता.

किंग्स्टनच्या कॅनव्हास गो प्लस मालिकेतल्या, नोव्हेंबर २०१९ ची तारीख असलेल्या मायक्रोएसडी कार्डांचं असंच झालं. फ्लश सुरू झाला की एक बिट, म्हणजे चालू-बंदची एक खूण, चालू होतो आणि काम संपल्यावर तो कार्डाने स्वतः खाली पाडायचा असतो. ही कार्डं तो पाडतच नव्हती. ड्रायव्हर वाट बघून थकायचा आणि फाइल सिस्टिम माउंटच व्हायची नाही, म्हणजे कार्ड उघडायचंच नाही. २०२३ मध्ये कर्नेलमध्ये तोडगा आला: या मालिकेतलं, या तारखेचं कार्ड दिसलं की कॅश चालूच करायची नाही. मे २०२३ च्या कार्डांत फ्लश नीट चालत होता, म्हणून नुसत्या नावावर न जाता तारीखही तपासली जाते. वेग जातो, हिशेब राहतो. मला हा सौदा पटतो.

त्याच वर्षी मायक्रॉनच्या एका ईएमएमसी चिपसाठी निघालेली वाट जास्त हुशारीची होती. काहीही लिहिलेलं नसताना फ्लश सांगितला की ही चिप अडून बसायची, तो हुकूम किंवा त्यामागचा दुसरा हुकूम टाइमआउट व्हायचा, म्हणजे वेळेत पुराच व्हायचा नाही. इथे कॅश बंद करायची गरज नव्हती. लेखन झालं की ड्रायव्हर एक खूण करून ठेवतो, आणि खूण नसेल तर फ्लश पाठवतच नाही.

अशा तोडग्यांना कर्नेलवाले 'क्वर्क' म्हणतात. त्यांची यादी ड्रायव्हरमध्येच असते आणि ती कार्डात कोरलेली ओळख वाचून लागू होते. म्हणजे नवा क्वर्क हवा असेल तर अपडेट घ्यावं लागतं. मामांनी अपडेट बंद ठेवलंय.