क्रोयांतीचा एल्गार: घडलं काय आणि जगाला सांगितलं काय

पोलंडचे घोडेस्वार तलवारी आणि भाले घेऊन जर्मन रणगाड्यांवर तुटून पडले आणि काही मिनिटांत कापले गेले, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाबद्दल थोडंफार वाचलेल्या बहुतेकांनी ऐकलेली असते. कुणी ती शौर्याची म्हणून सांगतं, कुणी वेडेपणाची म्हणून. जे काळाबरोबर बदलत नाहीत त्यांचं काय होतं, याचा दाखला म्हणूनही ती भाषणांत येते. ही गोष्ट खोटी आहे. पण ती हवेतून रचलेली नाही, आणि म्हणूनच इतकी वर्षं टिकली. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडच्या उत्तरेला क्रोयांती नावाच्या खेड्याजवळ घोडदळाचा एल्गार खरोखर झाला होता. माणसं आणि घोडी खरोखर पडली होती. त्याच जागेवर नंतर रणगाडेही उभे होते. प्रचाराने या खऱ्या तुकड्यांचा क्रम आणि परस्परसंबंध तेवढा बदलला.

आधी हे पाहायला हवं, की १९३९ साली पोलंडकडे घोडदळ होतंच कशाला. १९१८ मध्ये पुन्हा स्वतंत्र झालेल्या या देशाला लगेच सोव्हिएत रशियाशी लढावं लागलं. ते युद्ध शेकडो मैलांच्या सपाट मुलुखात, विरळ रस्त्यांवर, तुटपुंज्या मोटारींनिशी लढलं गेलं. ३१ ऑगस्ट १९२० ला कोमारूव्हजवळ पोलिश स्वारांनी सोव्हिएत सेनानी बुद्योनीच्या लाल घोडदळाला मागे रेटलं. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर चार वर्षं खंदकांत अडकलेल्या सैन्यांनी घोड्याबद्दल जो निष्कर्ष काढला, तो पोलंडचा अनुभव नव्हता. शिवाय पैसा नव्हता. सगळं सैन्य मोटारींवर चढवणं त्या देशाला परवडणारं नव्हतं.

तरीही हे घोडदळ जुन्या चित्रातल्यासारखं राहिलं नव्हतं. १९३९ मध्ये अशा अकरा ब्रिगेड होत्या, प्रत्येकीत सहा-सात हजार माणसं. घोडा होता तो जागेवर वेळेत पोहोचण्यासाठी. लढायचं ते पायउतार होऊन, रायफल आणि मशीनगन घेऊन. घोडदळ म्हणजे आधी वेग, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. प्रत्येक ब्रिगेडकडे ७५ मिलिमीटरच्या तोफा होत्या, बोफोर्सच्या आराखड्यावरच्या ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा होत्या, १९३५ च्या बनावटीच्या, गुप्त ठेवलेल्या रणगाडाविरोधी रायफली होत्या, आणि चिलखती गाड्या व छोटे रणगाडे यांची स्वतःची तुकडीही होती. भाला १९३४ मध्येच लढाईच्या साहित्यातून काढला गेला होता. तलवार राहिली, पण घोड्यावर बसून एल्गार हा नियमपुस्तिकेत अपवादाचा प्रसंग होता. ज्यांच्या स्वतःच्या ब्रिगेडमध्ये चिलखती गाड्या होत्या, त्या स्वारांना रणगाडा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, हे म्हणणं मुळातच टिकत नाही.

आता तो दिवस. पूर्व प्रशियाला उर्वरित जर्मनीपासून तोडणारी पोलंडची चिंचोळी पट्टी कापून टाकणं, हे जर्मन सेनापती हाइन्त्स गुडेरियनच्या १९व्या कोअरचं, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या दलाचं, काम होतं. खोईनित्से शहराच्या बाजूने जर्मन २०वी मोटारवाहू पायदळ डिव्हिजन पुढे सरकत होती. पोलिश पायदळाला ब्रदा नदीच्या मागे हटायचं होतं आणि त्यासाठी वेळ हवा होता. भागाची जबाबदारी जनरल स्तानिस्वाव ग्झमोत-स्कोत्नित्स्की यांच्याकडे होती. शत्रूला रोखून धरण्याचं काम त्यांनी १८व्या पोमेरेनियन उलान रेजिमेंटवर सोपवलं. उलान म्हणजे पोलिश परंपरेतले हलके स्वार. ही रेजिमेंट पहाटेपासून लढत होती. तिचे प्रमुख कर्नल काझिमिएश मास्तालेश यांनी जर्मनांच्या पिछाडीला वळसा घालायचं ठरवलं आणि सुमारे २५० स्वार घेऊन ते झाडीच्या आडोशाने निघाले.

जंगलाच्या कडेला एका मोकळ्या जागेत जर्मन पायदळाची बटालियन विसावलेली त्यांना दिसली. अंतर कमी होतं आणि शत्रू बेसावध होता. पायउतार होऊन मोर्चा बांधत बसलं असतं तर ही संधी गेली असती. कॅप्टन एउगेनियुश श्विएश्चाक यांच्या मागोमाग स्वार झाडीतून बाहेर पडले. तलवारी उपसलेल्या होत्या, भाले नव्हते, समोर एकही रणगाडा नव्हता. जर्मन पायदळ उधळलं. एल्गार इथपर्यंत यशस्वी होता.

मग रस्त्याच्या वळणावरून जर्मन चिलखती गाड्या आल्या आणि त्यांनी उघड्यावर सापडलेल्या स्वारांवर मशीनगनचा मारा सुरू केला. स्वार जवळच्या उंचवट्यामागे निघून जाईपर्यंत वीस-पंचवीस जण ठार झाले होते आणि त्याहून अधिक जखमी. श्विएश्चाक पडले, मास्तालेशही पडले. घोडी पुष्कळ मेली. किंमत मोठी होती, पण जर्मनांची पुढची हालचाल थबकली आणि खोईनित्सेकडचं पोलिश पायदळ मागे हटू शकलं. ज्यासाठी रेजिमेंटला पाठवलं होतं ते काम झालं.

त्या रात्री जर्मन बाजूला काय वातावरण होतं, हे खुद्द गुडेरियनच सांगतो. शेजारच्या मोटारवाहू डिव्हिजनच्या प्रमुखाने त्याला कळवलं की पोलिश घोडदळाच्या दबावामुळे आपल्याला माघार घ्यावी लागते आहे, आणि ते ऐकून गुडेरियन क्षणभर अवाक झाला. हे त्याच्या आठवणींत आहे. त्याच आठवणींत, त्याच मोहिमेच्या वर्णनात, हेही आहे की पोमेरेनियन घोडदळ ब्रिगेडने रणगाड्यांचं स्वरूप न समजल्याने तलवारी-भाल्यांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि प्रचंड नुकसान सोसलं. क्रोयांतीला गुडेरियन स्वतः हजर नव्हता. त्या दिवशी तो दुसरीकडे आपल्या ३ऱ्या पँझर, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजनबरोबर होता. तरी 'जर्मन सेनापतीनेच लिहिलं आहे' या एका आधारावर हे वाक्य पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिलं. त्याच्या शेजारची माघारीची हकिकत मात्र फारशी कुणी उचलली नाही. मला या सगळ्या प्रकरणात हीच निवड सर्वांत बोलकी वाटते.

पण गुडेरियनचं पुस्तक १९५१ चं. गोष्ट त्याच्या फार आधी जन्मली होती. लढाईनंतर जर्मनांनी इटालियन वार्ताहरांना रणभूमीवर नेलं. तिथे मेलेली घोडी होती, मेलेले स्वार होते, आणि मागाहून आलेले रणगाडे होते. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहणाऱ्याला कथा जोडून देणं अवघड नव्हतं. इंद्रो मोंतानेल्ली या नामवंत पत्रकाराचं वार्तांकन या कथेच्या उगमाशी जोडलं जातं. मोंतानेल्लीच्या लिखाणात पोलिश स्वारांबद्दल कौतुकच होतं. कौतुकानेही खोटं पसरतं, ते असं.

नाझी प्रचारयंत्रणेला कौतुकाची गरज नव्हती. तिला हवा होता मागासलेला, स्वतःच्या अज्ञानाने मरणारा शेजारी, म्हणजे त्याच्यावरचं आक्रमण इतिहासाच्या ओघातलं वाटावं. १९४१ च्या 'काम्फगेश्वाडर ल्युत्सोव' या जर्मन चित्रपटात पोलिश स्वार रणगाड्यांवर धावून जातानाचा प्रसंग उभा करून चित्रित केला गेला. पडद्यावर एकदा दिसलेलं दृश्य पुढे पुरावा म्हणून वावरू लागतं. त्या काळच्या वृत्तचित्रांसारखंच ते दिसायचं.

नाझी हरले, तरी कथा जिवंत राहिली, कारण तोवर तिला आणखी वारस मिळाले होते. ब्रिटनमध्ये ती शौर्यगाथा झाली. चर्चिल यांनी १९४८ मध्ये आपल्या युद्धेतिहासात पोलिश घोडदळ रणगाड्यांच्या झुंडींवर शौर्याने चालून गेलं, पण तलवारी-भाल्यांनी त्यांचं काही बिघडवू शकलं नाही, अशा अर्थाचं लिहिलं. युद्धोत्तर पोलंडमधल्या कम्युनिस्ट राजवटीलाही ती सोयीची होती. युद्धापूर्वीचे सरदार-अधिकारी किती बेजबाबदार होते, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं? १९५९ मध्ये आन्जेय वायदा यांच्या 'लोत्ना' या पोलिश चित्रपटात स्वार रणगाड्याच्या तोफेवर तलवारीचा वार करतो. वायदा यांचे वडील पोलिश सैन्यात अधिकारी होते आणि १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्यांची हत्या केली होती. त्यांना टिंगल करायची नव्हती, एका पिढीच्या विनाशाचं प्रतीक हवं होतं. प्रतीक म्हणून तो प्रसंग समजतोही. पण मायदेशातल्याच दिग्दर्शकाने दाखवला म्हटल्यावर तो खराच असणार, असं परदेशी प्रेक्षकाने धरलं.

पोलिश स्वारांना जर्मन रणगाडे पुठ्ठ्याचे आहेत असं सांगितलं होतं, हीसुद्धा याच कुळातली एक उपकथा. तिचंही मूळ आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाने जर्मनीला रणगाडे बाळगायला बंदी घातली होती, तेव्हा १९२० च्या दशकात जर्मन सैन्य मोटारींवर कापड-पुठ्ठ्याचे सांगाडे चढवून कवायत करत असे. त्यावरून 'पोलिश लोकांना १९३९ मध्येही तसंच वाटत होतं' असं ठरवणं ही नंतरची करामत.

क्रोयांतीच्याच दिवशी, शेकडो किलोमीटर दक्षिणेला, मोक्रा गावाजवळ जे झालं त्यावर मात्र चित्रपट निघाले नाहीत. कर्नल युलियान फिलिपोविच यांची व्होविन घोडदळ ब्रिगेड तिथे जर्मन ४थ्या पँझर डिव्हिजनसमोर होती. म्हणजे घोडदळ विरुद्ध रणगाडे, हा सामना खरोखर झाला. स्वारांनी घोडी मागे जंगलात ठेवली आणि जमिनीत मोर्चे घेतले. बोफोर्स तोफा, रणगाडाविरोधी रायफली, ७५ मिलिमीटरच्या तोफा आणि 'श्मियावी' ही चिलखती रेल्वेगाडी यांच्या जोरावर त्यांनी दिवसभर एकामागून एक हल्ले परतवले. जर्मनांच्या डझनावारी गाड्या आणि रणगाडे निकामी झाले. रात्री ब्रिगेड मागे हटली, कारण तिच्या बाजू उघड्या पडत होत्या. पोलिश घोडदळ रणगाड्यांशी कसं लढत असे, याचं उत्तर हवं असेल तर ते मोक्राला आहे.

इथे दुसऱ्या टोकाला जाणंही चूक ठरेल. खोट्या कथेला उत्तर देण्याच्या भरात काही जण एल्गार झालेच नाहीत, किंवा झाले ते सगळे सहज जिंकले, असं लिहितात. त्या मोहिमेत घोड्यावरून केलेल्या सोळाएक चढाया नोंदल्या गेल्या आहेत. पुष्कळशा यशस्वी झाल्या, कारण त्या बेसावध पायदळावर, रात्री किंवा वेढा फोडताना झाल्या. १९ सप्टेंबरला वुल्का वेंग्लोवाजवळ १४व्या उलान रेजिमेंटने जर्मन वेढ्यातून वॉर्साकडे वाट काढली. रेजिमेंट शहरात पोहोचली, पण शंभराच्या आसपास माणसं ठार आणि तितकीच जखमी झाली. मशीनगनसमोर घोड्यावर बसलेला माणूस फार मोठं लक्ष्य असतो, हे पोलिश अधिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसरा मार्ग उरला नाही किंवा क्षणभर संधी दिसली, तेव्हाच त्यांनी ते केलं. आणि पोलंड हरला तो घोड्यांमुळे नव्हे. तीन बाजूंनी आलेलं आक्रमण, आकाशावरची जर्मन पकड, अपुरी सज्जता, मित्रराष्ट्रांची न आलेली मदत आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून घुसलेलं सोव्हिएत सैन्य ही कारणं आहेत. त्या पूर्व भागातून सोव्हिएतांनी सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकललेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसं पुढे कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. कोल्हापुरात अनेकांना हा दुवा माहीत आहे. त्यांच्यासाठी ही लढाई अगदीच परकी नाही.

'घोडा विरुद्ध यंत्र' हे चित्र किती फसवं आहे, हे जर्मन सैन्याकडे पाहिलं की लक्षात येतं. प्रचारचित्रांत फक्त पँझर दिसत. प्रत्यक्षात जर्मन पायदळाच्या तोफा आणि रसद मुख्यतः घोडेच ओढत होते. संपूर्ण युद्धात जर्मनीने सुमारे २७ लाख घोडे वापरले. पोलंडवर चालून आलेल्या सैन्यात एक घोडदळ ब्रिगेडही होती.

भारतीय वाचकाने हीच तपासणी पहिल्या महायुद्धातल्या हैफाच्या लढाईच्या बाबतीत करून पाहावी. हैफा तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होतं, आज ते इस्रायलमध्ये आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर लान्सर्सनी, म्हणजे जोधपूर संस्थानाच्या भालाईत स्वारांनी, मशीनगन आणि तोफा असलेलं ते बंदर घेतलं, हे पूर्ण खरं आहे, आणि इथे भालेही खरे होते. मेजर दलपतसिंह शेखावत त्यात कामी आले. आपल्याकडे मात्र हे बहुतेकदा 'मशीनगनविरुद्ध फक्त भाले' असं सांगितलं जातं. त्यात म्हैसूर लान्सर्स हरवतात, जे कार्मेल डोंगरावर चढून तिथल्या तोफा आणि मशीनगन गप्प करत होते. आधार देणारी तोफांची बॅटरी हरवते. किशोन नदीकाठची दलदल घोड्यांना अडवू लागल्यावर माऱ्याखाली बाजू बदलून डोंगराच्या पायथ्याकडून घुसण्याचा निर्णयही हरवतो. भारतीय स्वारांपैकी ८ ठार आणि ३४ जखमी झाले, आणि १,३५० कैदी हाती लागले. हे आकडे नुसत्या भाल्यांनी समजत नाहीत. डोंगरावरची ती चढाई आणि मागची ती बॅटरी धरली, की समजतात.