मुलांसोबत टेंटमधली रात्र : सामान भाड्याने नेणाऱ्या पालकांसाठी माहिती

कॅम्पिंग महोत्सवाचं तिकीट काढलं की घरात चर्चा रंगते ती दिवसाची. पतंग, मातीकाम, गाणी, बोट. दिवसाचं बघायला आयोजक असतात. रात्र मात्र तुमची तुम्हालाच निभवायची असते. मुलं रडकुंडीला येतात आणि आईबाबा उजाडायच्या आत गाडी भरतात, तेव्हा बिनसलेलं असतं ते बहुतेक दोन वेळांना : रात्री नऊ ते दहा आणि पहाटे चार ते पाच. नऊला मूल दमलेलं, अर्धपोटी असतं आणि अंधार त्याला नवा असतो. चारला जमीन गार पडते. हे पत्रक मुख्यतः त्या दोन तासांसाठी लिहिलं आहे. सामान न्यायला याल तेव्हा सोबत आणा, शंका असतील तर तिथेच विचारा.

हंगाम आणि जागा

नाशिककरांच्या दृष्टीने दोनच हंगाम महत्त्वाचे. पहिला नोव्हेंबर ते फेब्रुवारी, गंगापूर धरणाच्या जलाशयाकाठी. शहरापासून हे अंतर इतकं कमी आहे की मूल अगदीच ऐकेना तर अर्ध्या-पाऊण तासात घरी परतता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही हेच सुचवतो. दुसरा हंगाम काजव्यांचा, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे. तिथे वळवाचा पाऊस, विजा, शनिवार-रविवारची गाड्यांची रांग आणि मध्येच जाणारी मोबाइलची रेंज हे सगळं गृहीत धरावं लागतं. पाच वर्षांखालच्या मुलाची पहिलीच रात्र असेल तर ती भंडारदऱ्याला नको, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा बऱ्याचदा १० अंशांखाली जातो, निफाडच्या बाजूला त्याहूनही खाली. पाण्याकाठी ओलसर हवेमुळे तीच थंडी जास्त बोचते. टेंट अगदी काठावर न लावता थोड्या चढावर लावा. गार हवा जड असते, ती खोलगट जागी साचते.

टेंट

‘चार जणांचा’ टेंट म्हणजे २१० बाय २४० सेंटीमीटर. चौघांत वाटला तर माणशी ६० सेंटीमीटर, जेमतेम रेल्वेच्या बर्थएवढी जागा, आणि सामानाला काहीच उरत नाही. दोन मोठे आणि दोन लहान असाल तर हाच न्या, पण बॅगा गाडीत ठेवा. आजी-आजोबा बरोबर असतील तर दोन टेंट घ्या. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला दाराजवळची जागा लागते.

निघण्याआधी घरी एकदा उभा करून बघा. गच्चीवर किंवा हॉलमध्ये पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या) न ठोकताही तो उभा राहतो. दुपारी मुलांना त्यात झोपू द्या. चेन उघडणं-लावणं त्यांना हाताने जमू द्या. ज्या मुलाला दार स्वतः उघडता येतं, ते रात्री कमी घाबरतं.

आता पोलबद्दल, म्हणजे टेंटला उभं धरणाऱ्या लांब काड्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त मोडतात ते पोलच. फायबरचे तुकडे आतल्या इलॅस्टिक दोरीने जोडलेले असतात. प्रत्येक तुकडा पुढच्या धातूच्या नळीत टेकेपर्यंत आत बसवा. अर्धवट बसलेला सांधा वाकवताना तिथेच चिरतो. मग पोल कापडी बोगद्यातून सरकवताना तो मागून ढकलायचा, पुढून ओढायचा नाही. ओढला की सांधे सुटतात, दोरी ताणली जाते आणि सुटा तुकडा कापडात अडकून ते फाटतं. दोन्ही पोल आरपार गेल्यावरच टोकं कोपऱ्यांच्या कड्यांत अडकवा. हे काम समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोघांनी एकाच वेळी करायचं. मुलांना पोलची टोकं धरायला देऊ नका, ती उसळून डोळ्याला लागतात. त्यांना पेग मोजायला बसवा : पिशवीत १० आहेत, ८ लावायचे, २ जादा.

आपल्याकडची जमीन मुरमाड. बाजारात टेंटबरोबर मिळणारे बारीक पेग तिच्यात वाकतात, म्हणून आम्ही जाड लोखंडी देतो. पेग ४५ अंशांत तिरका ठोका, डोकं टेंटपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं. काळ्या मातीत तो सहज जातो आणि पाऊस पडला की तितक्याच सहज सुटतो. तिथे पेगच्या डोक्यावर जड दगड ठेवा. टेंटपासून पेगपर्यंत ताणलेल्या दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा. संध्याकाळी धावणारी मुलं हमखास या दोऱ्यांत अडखळतात.

खाली अंथरायची ताडपत्री टेंटच्या तळापेक्षा हातभर लहान दुमडा. बाहेर डोकावणारी कड पावसाचं पाणी गोळा करते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडते. झाडाखाली टेंट नको : वाळकी फांदी कधी पडेल सांगता येत नाही आणि वर मोहोळ असेल तर दिवसा दिसायचं राहून जातं.

पहाटेचे चार

थंडी वाजली की आपण वर पांघरुणं वाढवतो. टेंटमध्ये हा हिशेब उलटा असतो. अंगाच्या वजनाने खालचं अंथरूण दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि अंगातली ऊब जमीन शोषून घेते. म्हणून जास्त थर खाली हवेत. आमचा क्रम असा : ताडपत्री, टेंटचा तळ, फोमची मॅट, त्यावर सतरंजी, मग घरची जाड गोधडी. वर स्लीपिंग बॅग किंवा दुसरी गोधडी. हवा भरायची गादी हिवाळ्यात नुसती घालू नका, तिच्यातली हवा रात्रभर गार पडत जाते. तिच्यावर फोम घालायलाच हवा.

मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत लहान मूल झोपवलं तर पायांकडची सगळी मोकळी जागा त्याला स्वतःच्या अंगाने गरम करावी लागते. बॅगेचा खालचा भाग मागे दुमडून नाडीने बांधा. वर्षाखालच्या बाळाला स्लीपिंग बॅग मुळीच नको, ते आत सरकतं आणि तोंड झाकलं जातं. बाळाला अंगावर दोन-तीन थर घाला आणि तोंड मोकळं ठेवा.

दिवसभर खेळून बनियन घामाने दमट झालेलं असतं. मुलं झोपेला आलेली म्हणून त्याच कपड्यांवर स्वेटर चढवून निजवलं जातं आणि पहाटे तेच बनियन बर्फासारखं लागतं. झोपण्याआधी आतून बाहेरून सगळे कपडे बदला, कोरडे मोजे आणि कानटोपी घाला. हे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून आणा आणि झोपेपर्यंत त्या पिशवीला हात लावू नका.

आणखी एक चूक सर्रास होते : गारठा येतो म्हणून टेंटच्या जाळ्या बंद केल्या जातात. चौघांच्या श्वासातली वाफ मग आतल्या कापडावर साचते आणि पहाटे थेंब थेंब अंथरुणावर पडते. लोकांना वाटतं टेंट गळतो. वरची जाळी अर्धी उघडी ठेवा.

कोळशाची शेगडी, विझत आलेले निखारे, गॅसची शेगडी यांतलं काहीही टेंटच्या आत नेऊ नका, पाच मिनिटांसाठीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. मच्छर अगरबत्तीही आत नको, टेंटचं कापड ठिणगीने वितळतं. शेकोटी टेंटपासून निदान दहा पावलं दूर असावी आणि वारा टेंटकडून शेकोटीकडे वाहत असावा.

रात्रीचे नऊ

संडास-बाथरूमची वाट मुलांना उजेड असतानाच दाखवा आणि मधे काय काय लागतं ते त्यांच्याकडून वदवून घ्या : पाण्याची टाकी, मग निळा मंडप, मग संडास. प्रत्येक मुलाला स्वतःची छोटी बॅटरी द्या. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी घरचं पॉटी सोबत असू द्या. महोत्सवातले तात्पुरते संडास लहानांना उंच, अंधारे आणि भीतिदायक वाटतात. मूल रात्रभर रोखून धरतं आणि सकाळी पोटदुखीची तक्रार करतं.

जेवणाची वेळ घरचीच ठेवा. स्टॉलच्या रांगेत उभं राहून साडेनऊला पानात काही पडेपर्यंत मूल हातातून गेलेलं असतं. पहिल्या रात्रीचं घरूनच आणा : दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. बटाट्याची भाजी दुपारीच संपवा. दुधाचे बंद टेट्रापॅक न उघडता बाहेर टिकतात, उघडला की लगेच संपवा. उरलेलं अन्न डब्यात घट्ट बंद करून गाडीत ठेवा. टेंटमध्ये सांडलेल्या चिवड्यामागे मुंग्या येतात, उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो.

पिण्याचं पाणी चौघांना दोन दिवसांसाठी २० लिटरचा एक जार घरूनच भरून घ्या. ओआरएसचे पुडे ठेवा, पण पुड्यावर किती पाण्याचा आहे ते वाचा. लिटरचा पुडा पूर्ण एका लिटरमध्येच घालायचा. पेल्यात चमचाभर टाकला तर क्षारांचं प्रमाण बिघडतं आणि जुलाब वाढू शकतात.

रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे. विशिष्ट दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, म्हणून कार्यक्रम कधी संपतो ते आयोजकांना आधीच विचारा आणि टेंटची जागा स्टेजच्या मागच्या बाजूला मागून घ्या. लहान मुलांना स्पीकरच्या समोर उभं करू नका. कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही, कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्या. ते आमच्याकडे भाड्याने मिळतात.

हरवलं तर

पोचल्यावर लगेच मुलांचा, त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढा. ‘निळा शर्ट होता बहुतेक’ असं सांगण्यात वेळ जातो. मनगटावरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला दोन मोबाइल नंबर लिहा. नाव बाहेरून दिसेल असं नको, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल विश्वास टाकतं. मुलांना एकच गोष्ट शिकवा : आम्ही दिसेनासे झालो की आहात तिथेच उभे राहा, आम्ही मागे येऊ. मूल शोधत फिरायला लागलं की दोघं एकमेकांना चुकवत राहतात. मूल सापडेना तर आयोजकांना लगेच सांगा आणि ११२ ला फोन करा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

धरणाचं पाणी

धरणाचा काठ म्हणजे चौपाटी नव्हे. पाणी उतरतं तसा खाली गाळ उघडा पडतो. वरून तो कोरडा, भेगाळलेला दिसतो आणि आत पाय गुडघ्यापर्यंत रुततो. त्यापुढे खोली अचानक वाढते. मुलांना पाण्यात सोडू नका. काठावर खेळत असतील तर मोठ्यांनी अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी लावा आणि पाळी कोणाची ते बोलून ठरवा. सहा मोठी माणसं बसलेली असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. बोटीत बसताना मुलाच्या मापाचंच लाइफ जॅकेट मागा. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं.

विजा, साप, विंचू

मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग भरून आले आणि गडगडाट कानावर आला की टेंट सोडा. टेंट विजेपासून वाचवत नाही. पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप घरूनच घेऊन ठेवा.

टेंटची चेन दिवसभर बंद ठेवायची, माणूस आत असो वा नसो. बूट आत घ्यायचे आणि घालण्याआधी झटकायचे. मण्यार रात्री फिरते. तिच्या दंशाची खूण बऱ्याचदा दिसत नाही, वेदनाही फारशा नसतात. जमिनीवर झोपलेलं मूल रात्री उठून पोटात दुखतंय म्हणालं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. पट्टी आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात-पाय हलू न देता मुलाला आडवं ठेवा, अंगठ्या, पैंजण, बांगड्या काढा. सर्पदंशावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. तुमच्या जागेपासून सर्वांत जवळचं कुठलं, घोटीचं ग्रामीण रुग्णालय की नाशिकचं जिल्हा रुग्णालय, हे निघण्याआधी ठरवा आणि लस आहे का ते फोन करून विचारून घ्या. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर तेही तातडीचंच.

काजवे बघायला जाताना

काजव्यांचा उजेड हा त्यांचा जोडीदार शोधायचा संकेत आहे. मोबाइलची बॅटरी किंवा गाडीचे दिवे पडले की झाडावरचं लुकलुकणं थांबतं. लाल जिलेटिन कागद लावलेली बॅटरी घ्या आणि तीही फक्त पायाखाली धरा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात, तोवर मुलांशी हळू आवाजात बोलत बसा. काजव्यांची अंडी ओल्या मातीत असतात, म्हणून झाडाखाली तुडवत फिरू नका. बाटलीत धरलेला काजवा सकाळपर्यंत मरतो, हे मुलांना आधीच सांगा. भंडारदऱ्याचा परिसर अभयारण्यात येतो. प्रवेशाच्या वेळा वनविभाग ठरवतो आणि गर्दीनुसार त्या बदलतात, म्हणून त्याच दिवशी चौकशी करा.

सामान परत करताना

टेंट आवरताना आधी आतला केर झाडा, मग दाराची चेन अर्धी उघडी ठेवून दाराच्या उलट बाजूने गुंडाळत या, म्हणजे आतली हवा निघून जाते. पेग मोजून घ्या. पोल मधल्या सांध्यापासून दोन्ही बाजूंना घडी करत आणा, टोकाकडून सुरुवात केली तर दोरी एकाच बाजूला ताणली जाते.

दवाने किंवा पावसाने भिजलेला टेंट तसाच आणला तरी चालेल, त्याचे जादा पैसे नाहीत. फक्त काउंटरवर ‘ओला आहे’ एवढं सांगा. न सांगता पिशवीत राहिलेल्या टेंटला दोन-तीन दिवसांत बुरशी येते, तो वास धुऊनही जात नाही आणि पुढच्या घरातलं मूल त्यात झोपणार असतं.